लेम्पीतातीच्या गाडीचा लॉक

लेम्पीताती आली तेव्हा मी आमच्या गाडीदुरुस्तीच्या दुकानाच्या मागच्या बाजूला एक जुना गिअरबॉक्स उघडून बसलो होतो. पुढं माझा भागीदार मर्विन एका गिऱ्हाइकाशी यंदा बर्फ लवकर पडणार की उशिरा यावर वाद घालत होता. ती त्या दोघांच्या मधून वाट काढत थेट माझ्यापाशी आली.

"ओन्नी, हात पूस आणि नीट ऐक. माझी गाडी शेवटची पायरी चढत नाही."

खाणींपायी इथं येऊन वसलेल्या आमच्या फिनिश घरांत मावशीला ताती म्हणतात. लेम्पी माझी रक्ताची कुणी नव्हे. पण सरोवराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर तिनं तीसेक वर्षं टपाल वाटलं होतं, त्यामुळे त्या बाजूच्या निम्म्या लोकांची ती ताती होती. आता निवृत्त झाली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. टोकाच्या रस्त्यावर, झाडीत, एकटी राहायची. बरोबर असायची ती ही वॅगन. लांबलचक, तपकिरी, दहा वर्षं जुनी, पुढं बाकासारखी एकसलग सीट असलेली.

"शेवटची पायरी म्हणजे काय गं ताती?"

"तूच गिअरबॉक्सवाला ना? पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. आणि मग, सपाट रस्त्याला लागलं की आणखी एक बारकी पायरी असते. इंजिन सुस्कारा सोडतं आणि गप्प होतं. ते होत नाही. नुसतं गुणगुणत राहतं. आणि कधी कधी होतं, लगेच सुटतं, परत होतं, परत सुटतं. मासा गळाला नुसता ठोकरून जातो ना, तसं."

मर्विननं मागं डोकावून पाहिलं. "ताती, चार गिअरच्या गाडीत पाचवा कुठून आणलास?"

"तुझ्या बापानं ठेवला होता डिकीत," ती म्हणाली. "तू गप्प बस. मी ओन्नीशी बोलतेय."

पण ती बोलत होती ते शंभर टक्के खरं होतं. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा एक गोल डबा असतो. त्यात तेल, आणि तेलात समोरासमोर दोन पंखे. इंजिन एक पंखा फिरवतं, तो तेल ढकलतो, तेल दुसऱ्याला फिरवतं. म्हणूनच सिग्नलला गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाही. पण तेलाच्या भरवशावर चाललेला कारभार तो, थोडी घसर कायम राहते. म्हणून गाडी एका लयीत पळायला लागली की आतली एक चकती दोन्ही पंख्यांना एकत्र धरते. त्यालाच आम्ही लॉक म्हणतो. लॉक लागला की इंजिनाच्या फेऱ्या एकदम थोड्या कमी होतात. बहुतेकांना कळतही नाही. लेम्पीतातीला कळत होतं.

मी फेऱ्या मोजणारा काटा जोडला आणि एकटाच गाडी घेऊन महामार्गाला लागलो. वेग पंचेचाळीस मैलांच्या पुढं गेला तसा काटा खाली आला आणि तिथंच बसला. लॉक लागला. मग मी आमची नेहमीची युक्ती केली. उजव्या पायानं गॅस, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, तसाच ठेवायचा आणि डाव्यानं ब्रेकला नुसतं शिवायचं. ब्रेकच्या पेडलाशी एक बारकी कळ असते. पेडल हललं की ती लॉकची वीज तोडते, कारण लॉक तसाच ठेवून गाडी थांबवली तर इंजिन गुदमरून बंद पडेल. मी शिवलं, काटा वर गेला. पाय काढला, काटा खाली आला. दहा वेळा केलं, दहाही वेळा गाडी आज्ञाधारक.

परत येऊन म्हटलं, "ताती, गाडी ठणठणीत आहे."

"तुझ्यासमोर शहाणी झाली असेल," ती म्हणाली आणि निघून गेली.

आठवडा व्हायच्या आत परत आली. या वेळी हसत नव्हती.

आता मला आणि मर्विनला चेव चढला. मर्विनचं मत असं की जगातला प्रत्येक बिघाड तारेत असतो. माझं मत, तेलात. त्यावरून आमची पैज लागली: हरेल त्यानं जिंकणाऱ्याला पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, खिलवायची. मर्विन इंग्लंडातून आलेल्या कॉर्निश खाणकामगारांच्या वंशातला. फिनिश लोक पेस्टीत गाजर घालतात या एका कारणावरून तो मला कधीही स्वर्गात घेणार नव्हता. म्हणून पैजेत अटसुद्धा घातली, बिनगाजराची.

मी तेल काढून पाहिलं. लाल, स्वच्छ, जळका वास नाही. चकती झिजलेली असती तर तेलात काळी भुकटी दिसली असती. तळाची थाळी उतरवून चुंबक पुसला, त्यावर या वयाच्या गाडीला शोभेल एवढाच गाळ. मर्विननं ब्रेकच्या कळीपासून गिअरबॉक्सपर्यंतची तार बोटांनी चाचपली, वाकवली, हलवली, तापवली, पाण्यानं भिजवली. काही नाही.

"माझ्या आजोबांनी खाणीत एवढं शोधलं असतं तर सोनं सापडलं असतं," तो गाडीखालून म्हणाला.

"तांब्याच्या खाणीत?"

"सोड, तुम्हा फिनिश लोकांना विनोद कळत नाही."

शेवटी त्यानं एक बरं काम केलं. लॉकच्या तारेला एक बारका दिवा जोडला आणि तो चालकाला दिसेल असा काचेच्या खाली चिकटवला. लॉकला वीज मिळाली की दिवा पेटणार, तुटली की विझणार. तो स्वतः एक फेरी मारून आला. दिवा देवासमोरच्या नंदादीपासारखा अखंड. मग आम्ही गाडी तातीला दिली आणि सांगितलं, काही दिवस चालव आणि दिव्यावर लक्ष ठेव.

तिनं दुसऱ्याच दिवशी फोन केला. "तुमचा दिवा माझ्यासाठी पेटत नाही."

"अजिबात?"

"क्षणभर पेटतो, विझतो. बाजारापासून घरापर्यंत हाच खेळ. ओन्नी, गाडी मला ओळखते की काय?"

मी फोन ठेवला आणि मर्विनकडे पाहिलं. आमचं दोघांचंही डोकं चालेना. पाणी कुठंतरी मुरत होतं, पण कुठं ते दिसत नव्हतं. लोखंड माणूस बघून वागत नाही. निदान मी तरी इतकी वर्षं असंच धरून चाललो होतो.

"तू तिच्या शेजारी बस," मर्विन म्हणाला. "तिला चालवू दे. आणि काही बोलू नकोस, नुसतं बघ."

दुपारी मी तिच्या घरी गेलो. तिनं कॉफी दिली, वेलदोड्याचा गोड पाव दिला, आणि ते संपेपर्यंत गाडीचा विषय काढू दिला नाही. मग आम्ही निघालो. ती चालवत होती, मी उजवीकडे. झाडांची पानं गळून गेली होती, त्यामुळे रस्त्यावरूनच सरोवर दिसत होतं. मला मात्र दिसत होता फक्त तो दिवा.

महामार्गाला लागलो. चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. दिवा पेटला. विझला. पेटला. विझला. मग विझलेलाच राहिला. इंजिन गुणगुणत होतं, अगदी ती म्हणाली होती तसं.

"बघ!" ताती म्हणाली. एखाद्याला आपलं दुखणं डॉक्टरसमोर नेमकं दाखवता यावं तसा आनंद तिच्या आवाजात होता. "मी खोटं बोलत होते का?"

"नाही गं. थांबव जरा बाजूला."

आम्ही जागा बदलल्या. मी चालवायला लागलो आणि दिवा पेटला तो पेटलेलाच. परत बदलल्या, विझला. आता मला मजा वाटायला लागली होती. सीट पुढं ओढली की खालची एखादी तार दाबली जात असेल, असं मनात आलं. म्हणून तिची सीट होती तिथंच ठेवून, गुडघे हनुवटीला लावून मी गाडी चालवली. दिवा पेटलेला. तिचा जाड कोट अंगावर घेतला, का ते विचारू नका. दिवा पेटलेला. ताती शेजारी बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती.

"तुझ्या आईनं हे बघायला हवं होतं," ती म्हणाली. "माझा कोट घालून, बेडकासारखा बसून."

मग पुन्हा ती चालवायला बसली. या वेळी मी दिव्याकडे पाहिलंच नाही. मर्विन म्हणाला होता नुसतं बघ. म्हणून मी तिच्याकडे पाहायला लागलो. हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर, पाठ ताठ. उजवा पाय गॅसवर. डावा पाय...

डावा पाय ब्रेकच्या पेडलावर होता. दाबलेला नव्हता. नुसता ठेवलेला. बुटाचं पुढचं टोक, भाकरीवर ठेवलेल्या लोण्यासारखं, आपल्याच वजनानं हळूहळू खाली जात होतं. ब्रेक लागत नव्हता. मागचे लाल दिवेही अजून लागले नसतील, कारण लॉकची कळ त्यांच्याआधी सुटते. पण लॉक तोडायला तेवढं पुरेसं होतं.

मला हसू आलं. आठवडाभर आम्ही तेल हुंगतोय, तारा भिजवतोय, आणि ही बाई ब्रेकवर पाय ठेवून बसलीय.

"ताती, तुझा डावा पाय कुठं आहे?"

"खाली."

"खाली म्हणजे कुठं?"

"खाली म्हणजे खाली. चटईवर. डोक्यावर घेऊन गाडी चालवू का?"

तिनं हे चेष्टेनं म्हटलं नव्हतं. ती खरंच तसं समजत होती. माझं हसू जागच्या जागी विरलं.

"पुढं वळणावर थांब," मी म्हटलं.

तिनं गाडी थांबवली, इंजिन चालू ठेवलं. मी म्हटलं, खाली बघ. तिनं पाहिलं. मग पाय उचलला. म्हणजे मांडीनं उचलला, बाहुलीचा पाय उचलावा तसा, आणि चटईवर ठेवला.

"हा कधी गेला तिथं?" तिनं विचारलं. मला नव्हे, पायाला.

मग ती चिडली. माझ्यावरच चिडली. "तीस वर्षं मी डाव्या पायानं गाडी चालवलीय, ओन्नी. तुला गाडी चालवायला कुणी शिकवलं ते मला माहिती आहे, त्याला मीच शिकवलं होतं."

ते खरं होतं. आमच्याकडचे टपालवाले स्वतःच्याच गाडीतून टपाल वाटतात. पेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला, आणि स्टिअरिंग डावीकडे. मग उजवीकडच्या सीटवर बसायचं, डावा हात लांब करून स्टिअरिंग धरायचं, डावा पाय लांब करून गॅस आणि ब्रेक दोन्ही सांभाळायचे, आणि उजव्या हातानं पत्रं टाकायची. एकसलग सीटची वॅगन तिनं त्यासाठीच घेतली होती. निवृत्त झाल्यावर ती डावीकडे सरकली, उजव्या पायाला गॅस दिला, पण ब्रेक मात्र डाव्यानं सोडला नाही.

"उंदराच्या बिळावर मांजर बसतं तसा असायचा माझा पाय," ती म्हणाली. "पेडलाच्या वर. चार बोटं. टेकायचा नाही कधी."

"मग आता का टेकतो?"

मग तिचा चेहरा पालटला. राग गेला आणि त्या जागी दुसरंच काही आलं, कुतूहलासारखं. मी तो चेहरा ओळखत होतो. मर्विन गाडीखाली असताना त्याचा असा होतो.

"बुटाचा तळ जाड असेल," ती म्हणाली. "थंडी पडल्यापासून हेच घालतेय." आणि वाकून तिनं डाव्या बुटाची नाडी सोडली.

बूट काढला तसा त्यातून एक खडा चटईवर पडला. वाटाण्याहून मोठा, काळसर, एका बाजूनं धारदार. लोकरीच्या मोज्याला टाचेजवळ तपकिरी डाग होता. ताजा नव्हता.

ताती रोज सकाळी किनाऱ्यावर अ‍ॅगेट नावाचे पट्टेदार खडे शोधत फिरायची, ते सगळ्यांना माहीत होतं. तिनं खडा उचलला, उजेडात धरला, फिरवून पाहिला.

"अ‍ॅगेटसुद्धा नाही," ती म्हणाली. "साधा धोंडा. किती दिवस बरोबर हिंडवला कुणास ठाऊक."

"दुखलं नाही?"

"दुखलं असतं तर काढला नसता का, गाढवा?" तिनं खडा डॅशबोर्डवर ठेवला. थोड्या वेळानं म्हणाली, "उन्हाळ्यापासून असं वाटतं की मोजा घातलाय. अनवाणी असले तरी. मला वाटलं, म्हातारपण."

मी म्हटलं, चल, दवाखान्यात जाऊ. ती म्हणाली, थांब. मला वाटलं टाळतेय. पण तसं नव्हतं.

"तुम्ही तार कशी तपासता? वीज कुठपर्यंत येते आणि कुठं थांबते, हेच बघता ना?"

"हो."

"मग बघ. काडी आहे?"

आम्ही त्या वळणावर, गाडीचं दार उघडं टाकून ते काम केलं. ती आडवी बसली, पाय बाहेर, विजार गुडघ्यापर्यंत वर, डोळे मिटलेले. मी काडेपेटीतली काडी घेऊन गुडघ्याखाली टेकवली.

"लागली," ती म्हणाली.

चार बोटं खाली. "लागली." आणखी खाली. "लागली." पोटरीच्या शेवटी. "लागली... वाटतं." घोट्यावर ती काहीच बोलली नाही. मी वाट पाहिली.

"लाव ना," ती म्हणाली.

काडी तिच्या घोट्यावरच होती.

मी खिशातलं पेन काढलं आणि जिथं शेवटचं "लागली" आलं होतं तिथं रेघ ओढली. मग पायाला वळसा घालून पुढून, मागून, आतून. चारही बाजूंनी रेघ जवळपास एका पातळीवर आली. खरोखर मोज्याची कडच जणू. तिनं डोळे उघडून ती पाहिली, आणि मी काही म्हणायच्या आत उजव्या बुटाची नाडी सोडायला लागली.

उजव्या पायाला घोटा ठीक, टाच ठीक, तळवा ठीक. फक्त बोटं गेलेली होती. अंगठ्यावर तिनं दोनदा चुकीचं सांगितलं. मी तिथंही रेघ ओढली.

तिनं उजव्या पायाच्या रेघेवरून बोट फिरवलं. एक मालट्रक गेला, त्याच्या वाऱ्यानं दार हललं.

"याच पायानं मी गॅस देते," ती म्हणाली. मग किल्ल्यांच्या जुडग्यातून गाडीची किल्ली काढायला लागली. कडं घट्ट होतं, नखं बोथट, वेळ लागला. मी मदतीला हात पुढं केला तर तिनं झिडकारला. शेवटी किल्ली सुटली आणि तिनं ती माझ्या हातात दिली.

"तूच ठेव. माझ्याकडे राहिली तर मी जाईन."

दवाखान्यात मी चालवत नेलं. दिवा अख्खी वाट पेटलेला होता, आणि आम्ही दोघंही त्याच्याकडे बघायचं टाळत होतो.

डॉक्टर एक तरुण बाई होती, दक्षिणेकडून नुकतीच आमच्याकडे आलेली. तिनं टाचेची जखम धुतली, आत खोलवर पाहिलं, ओठ आवळले. मग त्या रेघा तिच्या नजरेस आल्या.

"या कुणी काढल्या?"

"माझ्या मेकॅनिकनं," ताती म्हणाली.

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ओरडणार. पण तिनं एक धातूचा चिमटा आपटून गुंजवला, तातीच्या हाडांवर ठिकठिकाणी टेकवून पाहिला, नायलॉनच्या बारीक केसानं पुन्हा सगळं तपासलं, आणि शेवटी माझ्या रेघेच्या एक बोट वर आपली रेघ काढली.

"काडीला जे कळत नाही ते या केसाला कळतं," ती म्हणाली. "पण एवढं चालेल. नकाशा बरोबर आहे. आता कारण शोधू."

कारण रक्तात निघालं. साखर. किती वर्षांपासून वाढत होती कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तातीनं नवरा गेल्यापासून दवाखान्याचं तोंड पाहिलं नव्हतं. पण साखर दोन्ही पायांना सारखीच बाधायला हवी, डावा एवढा पुढं का, असा प्रश्न डॉक्टरलाही पडला. तातीनं टपालाच्या गाडीत कसं बसायचं ते खुर्चीवर बसून दाखवलं. कंबर पिळलेली, डावा पाय लांब. डॉक्टर तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून बघत राहिली. कमरेतली नसही दबली असावी, दोन्ही मिळून हे झालं असावं, असं तिचं मत पडलं. खात्रीनं सांगता येत नाही, असंही तिनं सांगितलं. आणि मग, सौम्यपणे, की आता गाडी चालवायची नाही. निदान जखम भरेपर्यंत. नंतर बघू.

"किल्ली त्याच्याकडे आहे," ताती म्हणाली.

हिवाळा लांबला. जखम सावकाश भरत होती. मधे एकदा बिघडली आणि मोठ्या इस्पितळात न्यावं लागलं. तिथं करंगळी गेली. ताती म्हणाली, त्या बोटाचा तिला आयुष्यात कधी काही उपयोग झाला नव्हता, फक्त टेबलाचे पाय शोधायच्या कामी यायचं. पण त्या रात्री इस्पितळात ती रडली असं नर्सनं मला सांगितलं.

तिला बाजारात, दवाखान्यात, शनिवारी आमच्याकडे सौनाला, म्हणजे वाफेच्या न्हाणीला, न्यायचं काम मी आणि मर्विननं वाटून घेतलं. शेजारी बसून ती आम्हाला गाडी चालवायला शिकवायची. "तुझा चौथा उशिरा पडतो," ती मर्विनला सांगायची. "आणि वळणावर ब्रेक मारतोस, वळणाआधी मारायचा असतो. तुझ्या आजोबांनी खाणीत गाढव हाकलं असणार." मर्विन मुकाट्यानं ऐकायचा. पैज दोघंही हरलो होतो, म्हणून पेस्ट्या आम्ही तातीलाच दिल्या. एक गाजराची, एक बिनगाजराची. तिनं दोन्ही खाल्ल्या, निकाल दिला नाही.

फेब्रुवारीत एकदा दुपारी मी मागं गेलो तर मर्विन उलट्या बादलीवर बसला होता, एक बूट काढलेला, मोजा खांद्यावर.

"दार लाव," तो म्हणाला. "आणि ती तुझी काडी आण. कुणाला सांगितलंस तर बघ."

त्याचे पाय ठणठणीत होते. त्यानं माझेही तपासले.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा डॉक्टरनं सांगितलं, उजव्या पायाची अवस्था होती तिथंच थांबलीय, साखर आटोक्यात आहे. सरकारी तपासनिसासमोर गाडी चालवून दाखवावी, त्याला पटलं तर परवाना राहील. एकच अट, डावा पाय पेडलांच्या जवळ जाता कामा नये.

सांगणं सोपं. तीस वर्षांची सवय, आणि पायाला तर पत्ताच नाही आपण कुठं आहोत. ताती म्हणाली, दोरीनं सीटला बांधा. मर्विननं त्यापेक्षा बरं काहीतरी केलं. डावीकडच्या कोपऱ्यात लोखंडी पट्टीचा एक उतरता पाट बसवला, वर रबर, आणि पाट व ब्रेक यांच्यामध्ये वीतभर उंच पत्र्याची भिंत. पाय पाटावर ठेवला की पलीकडे जायची सोयच नाही. भिंतीच्या वरच्या कडेला त्यानं फाटक्या नळीचा तुकडा चढवला, नडगीला लागू नये म्हणून. नडगीला अजून लागत होतं.

मग सराव. रिकाम्या शाळेच्या मैदानात, मी शेजारी. पहिल्या दिवशी ब्रेक मारायची वेळ आली की तिचा डावा गुडघा भिंतीवर आपटायचा आणि उजवा पाय गॅसवरच गोंधळून थांबायचा. एकदा आम्ही बर्फाच्या ढिगात घुसलो. ती स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली.

"उजव्याला माहीतच नाही थांबवायचं कसं," ती म्हणाली. "त्याला कधी शिकवलंच नाही."

"मग आता शिकव."

"सत्तरी आली, ओन्नी."

"पायाची का तुझी?"

तिनं माझ्याकडे रागानं पाहिलं आणि गाडी मागं घेतली. त्यानंतर ती रोज यायची. म्हणजे मी रोज आणायचो. हळूहळू गुडघा आपटायचा थांबला. उजवा पाय शिकला. फार सफाईनं नाही, पण शिकला. मधल्या काळात मी तिला प्रत्येक ब्रेकच्या आधी मोठ्यानं "उजवा" म्हणायला लावलं होतं. पुढं ती ते पुटपुटायला लागली, आणि मग नुसते ओठ हलायचे.

परीक्षेच्या दिवशी मी आणि मर्विन सरकारी कचेरीच्या आवारात उभे राहिलो. तपासनीस उंच, कोरडा माणूस होता. त्यानं पाट पाहिला, भिंत पाहिली, रबराची नळी बोटानं दाबून पाहिली, आणि काही न बोलता शेजारी बसला. गाडी गेली. मर्विननं दोनदा शिट्टी वाजवायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

बऱ्याच वेळानं वॅगन परत आली. तपासनीस उतरला, आत गेला. ताती काच खाली करून बसून राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"म्हणाला, फार सावकाश चालवता."

"आणि?"

"मी म्हटलं, मागं पत्रं नाहीत ना आता. मग हसला तो. पाच वर्षांचा परवाना दिलाय. दिवसाउजेडीच चालवायची, रात्री नाही. रात्री मला जायचंय तरी कुठं?"

मर्विननं टोपी काढून परत घातली. मी म्हटलं, चल, मी तुझ्यामागून येतो घरापर्यंत.

"कशाला?" ती म्हणाली. तिनं आरशात स्वतःकडे पाहिलं, डोक्यावरचा रुमाल नीट केला, डाव्या गुडघ्यावर हातानं थोपटलं, आणि गिअर टाकला. फाटकापाशी ती थांबली, ओठ हलले, दोन्ही बाजूंना पाहिलं. घर डावीकडे होतं. ती उजवीकडे वळली.

"अरे, कुठं चालली ही?" मर्विन म्हणाला.

"मला काय माहीत?"

आम्ही फाटकापर्यंत चालत गेलो. रस्ता सरळ होता, त्यामुळे तपकिरी वॅगन बराच वेळ दिसत राहिली, आणि मग चढाच्या पलीकडे उतरली.